एक्झोसोम, मायक्रोआरएनए आणि बोन मॅरो : ऐकीव काय, खरं काय

रक्ताचा कॅन्सर किंवा थॅलेसेमियाचं निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले, ‘ट्रान्सप्लांट करावं लागेल’, की सातारा-सांगलीकडच्या घरातली गाडी पुण्याकडे वळते, नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट निघतं आणि मुंबईचं टाटा गाठलं जातं. देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली याच टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. त्याला चाळीस वर्षं उलटून गेली. भेटायला येणाऱ्यांच्या तोंडच्या समजुती मात्र जिथल्या तिथं आहेत, आणि आता त्यांत व्हॉट्सॲपनं ‘एक्झोसोम’ आणि ‘मायक्रोआरएनए’ची भर घातली आहे.

जुन्या समजुती आधी उरकून घेऊ. ‘डोनरच्या मणक्यातून पाणी काढतात, माणूस कायमचा कमरेतून जातो’ ही भीती इतकी पक्की की सख्खा भाऊसुद्धा तपासणीला यायला कचरतो. मणक्याला कुणी हात लावत नाही. मगज, म्हणजेच बोन मॅरो, काढायचाच झाला तर भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, आणि काही आठवड्यांत तो भरून येतो. हल्ली बहुतेकदा तेवढंही करावं लागत नाही. चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं दिली की मूळपेशी मगजातून रक्तात उतरतात. मशीन त्या बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त डोनरला परत देतं. त्या दिवसांत हाडं ठणकतात, हे खरं.

‘आमचा रक्तगट एकच आहे, मग अडलं कुठं?’ अडतं ते एचएलएवर, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांच्या संचावर. सख्ख्या भावंडाशी तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं, आणि पुढं पेशंटचा रक्तगट डोनरचा होतो. लायसन्सवरचा रक्तगट तेव्हा बदलून घ्यायला हवा, हे घरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘काउंट आले, सुटलो एकदाचे!’ ही समजूत मात्र महागात पडते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की ग्राफ्ट धरला असं मानतात, आणि नातेवाइकांना हायसं वाटतं. पण नव्या मगजाबरोबर डोनरच्या संरक्षक पेशीही आलेल्या असतात. त्यांना पेशंटचं शरीर परकं वाटलं तर त्या त्वचेवर, आतड्यांवर आणि लिव्हरवर उलटतात. याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि त्याचा तीव्र प्रकार बहुधा पहिल्या १०० दिवसांत डोकं वर काढतो. पुरळ, जुलाब, कावीळ ही त्याची लक्षणं. डॉक्टरांची पंचाईत अशी की पुरळ एखाद्या अँटिबायोटिकनंही उठतं आणि जुलाब इन्फेक्शननंही लागतात. जीव्हीएचडी असेल तर स्टिरॉइड हवं. इन्फेक्शन असेल तर तेच स्टिरॉइड घात करू शकतं. शेवटी आधीच अशक्त झालेल्या माणसाच्या आतड्याचा किंवा त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. ही वेळ येण्याआधी रक्तातून काही सुगावा लागेल का, हा प्रश्न त्यातून आला.

तो सुगावा शोधायची एक जागा म्हणजे पेशींनी सोडलेले बुडबुडे. प्रत्येक पेशी स्वतःच्या आवरणात गुंडाळलेले सूक्ष्म कण सतत बाहेर टाकत असते. त्यांतले एक्झोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. शंभर नॅनोमीटरचा एक धरला तर तांबड्या पेशीच्या रुंदीत असे सत्तर ओळीनं बसतील. १९६७ साली पीटर वुल्फ यांना प्लेटलेटभोवती हे कण दिसले तेव्हा त्यांनी त्यांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटलं. पुढं मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन यांनी, तांबडी पेशी परिपक्व होताना नको झालेली प्रथिनं या वाटेनं बाहेर टाकते, हे दाखवलं. त्यामुळे बरीच वर्षं हा पेशीचा केरच समजला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधल्या यान लोट्वाल यांच्या गटानं त्यात आरएनए आणि मायक्रोआरएनए असल्याचं, आणि ते दुसऱ्या पेशीत पोचत असल्याचं दाखवलं, तेव्हा या केराला एकदम पत्रव्यवहाराची किंमत आली.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. तो प्रथिन बनवत नाही, दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये तो एका इवल्याशा जंतात शोधला आणि २०२४ चं नोबेल त्यावर मिळालं. तेव्हा ‘मायक्रोआरएनएची टेस्ट म्हणजे जनुकांची टेस्ट’ हा समज काढून टाकावा. जनुकं जन्मभर तीच राहतात. मायक्रोआरएनएचं प्रमाण आजाराबरोबर खालीवर होतं, आणि त्याचा उपयोगही तेवढ्यासाठीच आहे.

आता ‘रक्ताच्या एका थेंबात सगळं कळतं’ या व्हॉट्सॲपवरच्या दाव्याकडे. त्याला आधार अगदीच नाही असं नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटानं २०१३ मध्ये प्लाझ्मातल्या चार मायक्रोआरएनएंची पातळी जीव्हीएचडीचं निदान होण्याच्या सरासरी १६ दिवस आधीच वाढलेली दाखवली. सोळा दिवस म्हणजे ट्रान्सप्लांट वॉर्डात पुष्कळच. पण तेवढ्यानं टेस्ट तयार होत नाही. या बाबतीत एसटी-२ आणि आरईजी-३-अल्फा ही दोन प्रथिनं मायक्रोआरएनएंच्या बरीच पुढं आहेत.

अडचण कुठं येते ते एका नळीपुरतं पाहू. सांगलीत रक्त काढलं आणि पुण्याच्या लॅबला पाठवलं. वाटेतले चार-पाच तास नळीतल्या प्लेटलेट जिवंतच असतात आणि आपले बुडबुडे सोडत राहतात. बर्फात ठेवली तर थंडीनंही त्या चिडतात. सुई नीट लागली नाही आणि तांबड्या पेशी फुटल्या, तर त्यांतला मायक्रोआरएनए-४५१ प्लाझ्मात सांडतो आणि बाकीचं झाकोळून टाकतो. हिपॅरिनच्या नळीत रक्त घेतलं तर पुढचं पीसीआरच बिघडतं. पेशंट नुकताच जेवला असेल तर रक्तातल्या चरबीचे कण त्याच आकाराचे असतात आणि तेही मोजणीत येतात. यावर कडी म्हणजे ट्रान्सप्लांटच्या पेशंटला प्लेटलेटच्या पिशव्या चढवलेल्या असतात, आणि त्या पिशवीतले लाखो बुडबुडे तिसऱ्याच माणसाचे! नळी कोणती घ्यायची, किती वेळात फिरवायची, काय नोंदवायचं, याबद्दल या क्षेत्रातल्या संशोधकांनी २०१४, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती उगाच नाहीत. म्हणून ट्रान्सप्लांट कसं चाललंय हे आजही काउंट, डोनरच्या पेशींचं प्रमाण सांगणारी कायमेरिझमची तपासणी, लिव्हरचे रिपोर्ट आणि बायोप्सी यांवरच ठरतं.

‘एक्झोसोम टोचले की मगज पुन्हा तरुण होतो’ ही अफवाही हवेतून आलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की मगजातल्या तरुण आधारपेशींनी सोडलेले बुडबुडे म्हाताऱ्या उंदरांच्या रक्त-मूळपेशींना पुन्हा कामाला लावतात. सुंदर काम आहे, आणि आपल्या दाराशी झालेलं आहे. पण ते उंदरांमधलं आहे, आणि शोधनिबंधात तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘उंदीर’ हा शब्द गळतो तो जाहिरातीत. केस, गुडघे, त्वचा, ऑटिझम, सगळ्यावर एकच कुपी खपवणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण गिऱ्हाईक बहुतेकदा आधीच हवालदिल झालेलं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये एक्झोसोमच्या उत्पादनांबाबत जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडेही २०१९ च्या नियमांनुसार स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ ठरतं, म्हणजे चाचण्या आणि परवानगी आधी, विक्री नंतर.

नाळेतलं रक्त साठवण्याचं दुकानही याच गल्लीतलं. बाळाच्या स्वतःच्या भविष्यासाठी ते खासगी बँकेत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. मुलाला पुढं रक्ताचा कॅन्सर झालाच, तर त्याचं बीज त्या साठवलेल्या रक्तातही असू शकतं. घरात आधीच एखादं थॅलेसेमियाचं भावंड असेल तर गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय एजंटाबरोबर नाही, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांबरोबर घ्यायचा.

कराडला किंवा विट्याला घरी परतलेल्या पेशंटसाठी आज उपयोगाचं आहे ते यापेक्षा साधं. तळहातांवर, तळपायांवर किंवा कानांवर लाली आली, दिवसात तीन-चार पातळ जुलाब झाले, लघवी गडद झाली किंवा ताप १०० च्या पुढं गेला, तर सकाळची वाट पाहू नये. मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणू नये, जीव्हीएचडी रोखण्यासाठी दिलेलं सायक्लोस्पोरिन स्वतःच्या मनानं थांबवू नये. ट्रान्सप्लांट सेंटरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा आणि रात्री दोन वाजले असले तरी लावावा.