खंडेनवमीला पूजा कोणाची?

खंडेनवमी उजाडली की आमच्या पनवेलीत सुताराच्या रंध्यापासून तळोज्याच्या कारखान्यांतील यंत्रांपर्यंत साऱ्यांना झेंडूची माळ चढते. ज्या साधनाने पोट भरते, त्यापुढे नम्र व्हावे, ही आपली रीत. परंतु ते साधन चालविणाऱ्या हाताचे काय?

याचे उत्तर आम्ही कीर्तनाच्या उत्तररंगात शिरढोणच्या आख्यानाने देतो. पनवेल तालुक्यातील या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुढे ते पुण्यास लष्करी हिशेब खात्यात कारकून झाले. नोकरी बरी, पगार नियमित. पण आई अत्यवस्थ असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि अखेरची भेट चुकली. वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली, असे चरित्रकार सांगतात. केवळ रजेपायी कोणी बंड करीत नाही. पुढे न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने आणि १८७६-७७ चा भीषण दुष्काळ यांनी तो अग्नी चेतविला. तथापि पगारावर माणसाचे मन बांधले जात नाही, हे त्या कचेरीला उमगले नाही. त्याच कारकुनाने रामोशी, कोळी बांधव जमविले, तेव्हा त्यांना देण्यास त्याच्यापाशी खजिना नव्हता. १८७९ मध्ये ते पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कारावासात त्यांनी देह ठेवला.

म्हणून वेतन गौण आहे काय? मुळीच नव्हे. गीतेचा निष्काम कर्मयोग पुष्कळदा मालकांच्या मुखी ऐकू येतो, तेव्हा आम्हांस खेद होतो. फळाची आसक्ती सोडणे हे कर्म करणाऱ्याने स्वतः घ्यावयाचे व्रत आहे. करवून घेणाऱ्यास दिलेला तो दाम बुडविण्याचा परवाना नव्हे. बोनस ही कृपा नसून हक्क आहे, हे १९६५ च्या कायद्यानेही मान्य केले. स्वकर्माने ईश्वराची पूजा होते, असे अठरावा अध्याय सांगतो. मग ती पूजा करणाऱ्या पूजकाचा अवमान कसा चालेल?

पोटापुरता न्याय्य दाम, कामात काही अर्थ आणि अडचणीच्या वेळी आपुलकीचा शब्द, या तिहींनी माणूस मनापासून राबतो. तेव्हा वाचकहो, उद्या आपट्याचे पान देताना प्रथम घरच्या मोलकरणीच्या, दुकानातील गड्याच्या हाती द्या. आणि त्याची आई आजारी असेल, तर रजा मागण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.