संगणकाचे घड्याळ का चुकते?

दुकानाला कुलूप लावताना मेन स्विच बंद करण्याची सवय चांगलीच. पण राहात्यासारख्या बाजारपेठेच्या गावात सकाळी संगणकाच्या पडद्यावर भलतीच तारीख दिसू लागते, तेव्हा या सवयीचाही त्यात थोडा वाटा असू शकतो. बिल जुन्या तारखेचे निघते. बँकेचे संकेतस्थळ जोडणी सुरक्षित नसल्याचे सांगून उघडत नाही, कारण संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संगणक आपल्याच तारखेवरून तपासतो. दोष इंटरनेटला दिला जातो. चूक मात्र घड्याळाची असते.

संगणक बंद असताना वेळ मोजण्याचे काम मदरबोर्डवरील एक छोटे घड्याळ करते. त्यातील क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. प्लगमधून वीज येत असेल, तर टेबलावरच्या संगणकातील हे घड्याळ बंद अवस्थेतही त्याच विजेवर चालते. मेन स्विच बंद झाला किंवा भारनियमन सुरू झाले, की सारा भार रुपयाच्या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या बॅटरीवर पडतो. काही वर्षांत ती संपते आणि वीज गेली की तारीख थेट कित्येक वर्षे मागे जाते.

उपाय सोपा आहे. संगणक बंद करून प्लग काढावा, जुन्या बॅटरीवरील क्रमांक पाहून तशीच नवी आणावी (बहुधा सीआर २०३२) आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून बसवावी. मग तारीख व वेळ हाताने बरोबर करावी. जुनी बॅटरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास ती जिवावर बेतू शकते.

प्रत्येक चूक बॅटरीची नसते. तारीख जवळपास बरोबर, पण वेळेत नेमका काही तासांचा फरक असेल, तर ‘टाइम झोन’ तपासावा. तेथे ‘यूटीसी +५:३०’ हवे. अमेरिकेचा विभाग निवडलेला असेल, तर वेळ हाताने कितीही सुधारली तरी इंटरनेट ती पुन्हा बिघडवते. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असल्यास साडेपाच तासांचा घोळ होतो, कारण मदरबोर्डवरील वेळ विंडोज स्थानिक समजते, तर लिनक्स सहसा जागतिक. (राहात्याची सूर्यानुसार वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे ३२ मिनिटे मागे आहे, तो मात्र संगणकाचा दोष नव्हे!)

रोज एक-दोन सेकंदांची घसरण स्वाभाविक आहे. उन्हाळ्यातील उष्म्याने स्फटिक किंचित मंदावतोही. विंडोजमधील ‘सिंक नाऊ’ हे बटण दाबल्यास वेळ इंटरनेटवरून जुळते. देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते व इंटरनेटवरही पुरवते.

दुकानातील सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्येही बहुधा अशीच बॅटरी असते. चोरीनंतर चित्रणावर भलतीच तारीख निघाली, तर तपासात पंचाईत होते. म्हणून संगणकाची वेळ लावताना त्याचीही पाहून घ्यावी.