दुडक्या चालीची शर्यत

मुलांनो, पाठीवर स्वार बसलेल्या घोड्यांची शर्यत तुम्हांला माहीत असेल. न्यूझीलंड देशात आणखी एक शर्यत असते. तिच्यात घोड्याला दोन चाकांची हलकी गाडी जोडतात. हाकणारा लगाम धरून गाडीवर बसतो. ('लगाम' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहेच!) घोड्याने दुडक्या किंवा ठरलेल्या चालीनेच पळायचे. तो चौखूर उधळला, तर त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते. तोवर बाकीचे पुढे निघून जातात.

याच देशाच्या 'कार्डिगन बे' या घोड्याने १९६८ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरची कमाई पूर्ण केली. या खेळात असा तो पहिलाच घोडा.

आता मात्र असे घोडे पाळणारी घरे कमी होत आहेत. चारा, नालबंदी, औषधपाणी यांचा खर्च मोठा असतो. शर्यतीत घोडे थोडे उतरले, की लोक पैजाही कमी लावतात. बक्षिसाचा बराच पैसा पैजांतूनच येतो. या खेळाची कच्ची बाजू ती हीच. बक्षीस घटले, की आणखी कोणी घोडा विकतो. मग साईस आणि नालबंद यांच्या पोटाचे काय?

म्हणून आता अनेक जण मिळून एक घोडा घेतात. मुलांसाठी तट्टू जोडलेल्या छोट्या गाड्यांच्या शर्यती ठेवतात. निवृत्त घोड्यांना स्वारीसाठी नवे घर शोधून देतात. जन्मभर गाडी ओढलेल्या त्या घोड्याला पाठीवर माणूस घ्यायला मात्र नव्याने शिकवावे लागते.