दोन वेळची मेहनत

कराटेच्या वर्गाबाहेर ताटकळणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आठवड्यातून किती दिवस? सोमवार-बुधवार-शुक्रवार, सहा ते सात, असं उत्तर मिळालं की गाडी फीवर येते. कोल्हापूरच्या तालमीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे विचारतात, पोरगं एक वेळ येणार का दोन वेळ? दिवस सगळेच धरलेले असतात. वाढत्या वयाच्या मुलाने दोन वेळ मेहनत करावी का, याचं उत्तर मला शहरातल्या कुठल्याच प्रशिक्षकाकडून धड मिळालं नव्हतं. म्हणून पेठेतल्या एका जुन्या तालमीत, वस्तादांना विचारून, कुस्तीच्या हौद्याच्या कडेला भिंतीला टेकून बसू लागलो.

पहाटे चारला दिवा लागतो. पोरं उठतात, तोंड धुतात, लंगोट कसतात, आणि पहिलं काम असतं माती उकरण्याचं. हौद्यातली लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं बरंच काही मुरलेलं असतं. कालच्या अंगांखाली ती दबून बसते. फावड्याने ती उकरायची, ढेकळं फोडायची, उलथीपालथी करायची आणि मग सारखी करायची. बघणाऱ्याला हे झाडलोटीसारखं वाटतं, पण पाठ, खांदे, मनगटं, मांड्या यांचा एवढा घाम काढणारा दुसरा व्यायाम मला तरी ठाऊक नाही. फावडं मोठ्या पोरांच्या हातात असतं. बारा-तेरा वर्षांची पोरं शेवटी फळी ओढून माती सपाट करतात. त्यांनाही फावडं हवं असतं. वस्ताद देत नाहीत.

मग मारुतीला हात जोडून जोर सुरू होतात. हात टेकून, छाती मातीजवळून सरकवत पुढे, कंबर खाली, मान वर, आणि परत मागे. मोठे पैलवान शेकड्यांत मारतात. त्यांच्या अंगाखाली घामाने मातीवर माणसाचा ठसा उमटतो आणि तो मोठा व्हावा यासाठीच जणू सगळं चाललेलं असतं. लहान पोरं तीस-चाळीसवर थांबतात. मला आधी वाटलं, दमली म्हणून थांबली. तसं नव्हतं. त्यांना तेवढेच सांगितलेले होते. एक पोरगं चोरून पुढे मारायला लागलं तर वस्तादांची छडी त्याच्यापुढे मातीत येऊन उभी राहिली. ती छडी कुणाच्या पाठीवर पडलेली मी पाहिली नाही. डाव शिकवताना पाय कुठे टाकायचा याची खूण मातीत काढायला ती वापरतात.

लढती पाहताना आणखी एक गोष्ट उशिराने लक्षात आली. पाचच्या सुमाराला हौद्यात सात-आठ जोड्या भिडलेल्या असतात, खडाखडी चालू असते, कुणी पट काढतंय, कुणी ढाक लावतंय, आणि बाहेरून सगळं सारखंच घनघोर दिसतं. पण नीट बघितलं तर लहान पोरापुढे बहुतेक वेळा एखादा थोराड पैलवान असतो, आणि तो लढत नसतो. अंग देत असतो. पोराने एकेरी पट काढायचा, थोराडाने पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. वीस वेळा तोच पट, डाव्या बाजूने, मग उजव्या. दोन बरोबरीची पोरं एकमेकांवर खरंच सोडली जातात ती सकाळ वेगळी, आणि ती रोज नसते.

रोज नसते म्हणजे केव्हा असते, हे पकडायला मला वेळ लागला, कारण तालमीत वेळापत्रक भिंतीवर नव्हतं. या तालमीत सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी सकाळी लहानांची खरी लढत होते. मधल्या दिवशी दोर चढणं, धावणं, मानेची मेहनत, आणि संध्याकाळी मॅटवर डावांची घोटाई. रविवारी मालिश आणि झोप. सहा दिवस दोन वेळ असा जो धाक बाहेर सांगितला जातो, त्यातले अंग पिळून काढणारे प्रसंग तेरा वर्षांच्या पोरासाठी आठवड्याला तीनच निघाले. म्हणजे कराटेच्या वर्गाइतकेच.

फरक उरलेल्या वेळात आहे. कराटेचा पोरगा मंगळवारी काहीच करत नाही किंवा क्रिकेट खेळतो, आणि ते चांगलंच आहे. तालमीतला पोरगा मंगळवारीही येतो, पण हलकं काम करतो. डाव अंगवळणी पडायला हे हलकं काम फार उपयोगी असतं. एका दिवशी तीन तास घोटण्यापेक्षा रोज अर्धा-अर्धा तास घोटलेलं अंगात जास्त मुरतं, हे कुठलाही गवई किंवा तबलजी सांगेल. कौशल्य रोजचा सराव मागतं. ताकद मात्र मोकळा दिवस मागते. पिळलेल्या स्नायूला सावरायला दीड-दोन दिवस लागतात आणि त्या काळात त्याला पुन्हा तेवढंच पिळलं तर तो वाढत नाही, नुसता आंबतो. मला पुष्कळ हौशी प्रशिक्षक भेटले ज्यांना हा फरक माहीत नाही. त्यांच्याकडे पोरगं रोज येतं आणि रोज सगळंच करतं.

वस्तादांच्या हाताखाली एक तरुण प्रशिक्षक आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून पदविका घेऊन आलेला. तो पहाटे पोरं उठली की अंथरुणावरच त्यांच्या नाडीचे ठोके मोजून वहीत लिहितो. दोन-तीन दिवस ठोके चढलेले दिसले की तो वस्तादांना वही दाखवतो. वस्ताद वही बघतात आणि म्हणतात, ते मला कालच कळलं होतं. "कसं?" मी विचारलं. "उंबरा कसा ओलांडतंय बघायचं. पाय उचलून टाकतंय का फरफटत आणतंय. ताटात भाकरी ठेवून उठतंय का. उगंच भांडायला लागलंय का." मग त्या पोराकडे वळून: "काय रं, अंग आंबलंय न्हवं? आज जोर नको. दोर चढ दोनदा आणि जा झोप." पोरगं "व्हय वस्ताद" म्हणतं. चेहऱ्यावर सुटका नसते, राग असतो.

झोप हा इथल्या मेहनतीचाच भाग आहे, आणि अनुकरण करणारे नेमकी हीच गोष्ट गाळतात. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानांना नऊ ते बारा. चारला उठायचं तर आठला आडवं व्हायलाच हवं. इथे साडेसातला मोबाईल वस्तादांच्या कपाटात जातात आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा तासभर झोप सक्तीची. शाळेच्या दिवशी ही दुपार बुडते, म्हणून शाळकरी पोरांची संध्याकाळ बऱ्याचदा निम्मी केली जाते. खुराकाचं तसंच. बदाम, खसखस, बडीशेप वाटून केलेली थंडाई, दूध, तूप, मटण. हे न मिळणाऱ्या पोराला दोन वेळ मेहनत द्यायची नाही असा इथला रिवाज आहे. ऐपत नसलेल्या घरातल्या पोराला एक वेळच ये असं सांगताना मी ऐकलं. ते ऐकायला कठोर वाटलं, पण वस्तादांचा हिशेब चुकीचा नव्हता.

याउलट परिचयातल्या एका मुलाचा दिवस असा होता: पहाटे तालीम, मग शिकवणी, मग शाळा, मग पुन्हा शिकवणी, रात्री आठला एका अकादमीत मॅटवर सराव, अकराला झोप. वय चौदा. घरच्यांना त्याचा अभिमान होता. काही महिन्यांत गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं आणि बैठक मारताना त्याला रडू यायला लागलं. हाडं वाढत असताना त्यांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. मांडीचा ताकदवान स्नायू नडगीला जिथे धरतो तिथली वाढती जागा सतत ओढली गेली की सुजते, ठणकते. डॉक्टर त्याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत हे सर्रास दिसतं, बहुतेकदा वाढ थांबली की आपोआप जातं, पण मधल्या काळात ओढ कमी करावीच लागते. त्या मुलाने उरलेलं वर्ष कुस्तीला हातच लावला नाही. दुखण्यापेक्षा कंटाळ्यानेच, असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की कुठल्याही एका खेळातून मुलाला आठवड्याला एक-दोन दिवस आणि वर्षाला दोन-तीन महिने सुट्टी हवी. क्रीडावैद्यकात आणखी एक ढोबळ माप वापरतात: आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत. बारा वर्षांच्या पोराला बारा तास. मी तालमीतल्या लहानांचे तास मांडून पाहिले तर ते बाराच्या आसपासच थांबत होते. त्या मापाचं नावही वस्तादांनी ऐकलेलं नाही. वार्षिक सुट्टीही आहे: चैत्र-वैशाखातल्या जत्रांत गावोगावच्या मैदानांत छोट्या कुस्त्या करून पोरं घरी राहतात, शेतात राबतात, आंबे खातात, आणि शाळा उघडली की परततात.

तालमींचं सगळंच बरोबर आहे असं मला म्हणायचं नाही. कान मोडला की तो मिरवायचा, नायटा झाला की हळद लावून पुन्हा हौद्यात उतरायचं, हे मला पटत नाही. अंगाला अंग घासणाऱ्या खेळात नायटा एकाचा दहा जणांना होतो. तो बरा होईपर्यंत लढत बंदच हवी. शिवाय तास वाढवले की कुस्ती वाढते ही समजूत इथेही पक्की आहे. पण खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाची मेहनत कमी नव्हती. मॅट आणि तिथले नियम नवे होते. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. मातीवरची कुस्ती चितपट होईपर्यंत अर्धा-पाऊण तासही चालते. मॅटवर मोठ्यांना तीन-तीन मिनिटांची दोन सत्रं मिळतात. पोराला नेमकं काय करायचंय हे ठरल्याशिवाय किती दिवस हा प्रश्न अधांतरी लटकतो.

कराटे, ज्युदो, तायक्वांदोच्या पालकांना मी आता एवढंच सांगतो: सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन दिवस भरपूर झाले, आणि त्यातला बराच वेळ पडायला शिकण्यात जावा. दहाच्या पुढे तीन. चौथा दिवस तो स्वतः मागायला लागला तर तो हलका ठेवा. पट्ट्याची परीक्षा जवळ आली म्हणून रोज बोलावणाऱ्या वर्गाला नाही म्हणा.

तालमीत शेवटचा गेलो तेव्हा जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर होती. चौदा वर्षांच्या एका पोराचे वडील गावाहून आले होते. पोराला खालच्या वजनगटात बसवायचं त्यांच्या मनात होतं.

"तीन किलो तर हाय, वस्ताद. चार दिवस पाणी कमी केलं की उतरतंय."

"वाढत्या पोराचं वजन उतरवायचं नसतंय, पाटील."

"वरच्या गटात टिकायचं न्हाई ते."

"न टिकू दे."

वडिलांनी बराच वेळ वाद घातला. वस्तादांनी चहा मागवला, पण मुद्दा सोडला नाही. अर्ज वरच्या गटाचा भरला गेला. पोरगं पहिल्याच फेरीत हरलं, समोरचा त्याच्यापेक्षा डोकंभर उंच होता. पोरगं रविवारी रात्री परत आलं. सोमवारची लढत त्याला मिळाली नाही, बुधवारचीही नाही. शनिवारी वीस जोर मारून घेतले आणि मग हौद्यात सोडलं.