कोल्हापूर ते नागपूर : किलोमीटर सातशे, मिनिटे किती?

(आकाशवाटा : भाग 6)

कोल्हापूर ते नागपूर अंतर किती, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कशाने जाता त्यावर ठरते. महाराष्ट्र एक्स्प्रेसचा प्रवासी पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत सुमारे 1,200 किलोमीटर रूळ मोजतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढली, तर ती भरते साधारण 700 किलोमीटर. वैमानिकाच्या भाषेत हेच अंतर सुमारे 380 सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

आता वेळ. छोटे जेट विमान उंचीवर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडते. भागाकार केला की 53 मिनिटे येतात आणि इथेच बहुतेक लोक फसतात. तो वेग विमानाला मधल्या टप्प्यातच मिळतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. 10,000 फुटांखाली तर साधारणपणे 250 नॉट्सची, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटरची मर्यादाच असते.

शिवाय विमान सरळ रेषेत निघतही नाही. कोल्हापूरची धावपट्टी 07/25 अशी आहे. म्हणजे एका टोकाने निघालात तर तोंड साधारण पूर्वेला, दुसऱ्या टोकाने निघालात तर पश्चिमेला. नागपूर ईशान्येला. विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उडते, त्यामुळे पश्चिमेचा वारा वाहत असला, आणि पावसाळ्यात तो वाहतोच, की नागपूरचे विमान आधी पश्चिमेला तोंड करून उडणार आणि मग माघारी वळणार. नागपूरला उतरतानाही तिथल्या धावपट्टीशी जुळवून घेण्यात काही मिनिटे जातात.

वेळापत्रकात छापतात तो आकडा आणखी वेगळा. चाकांना लावलेले अडसर निघाल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लागेपर्यंतचा तो काळ, म्हणजे ब्लॉक टाइम. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, परवानगीची वाट पाहणे, थोडी राखीव मिनिटे, सगळे त्यात आले. हे 20-25 मिनिटांचे ओझे अंतर कितीही असले तरी फारसे कमी होत नाही.

म्हणूनच जवळच्या मार्गावर जेटचा तोरा चालत नाही. कोल्हापूर-मुंबई सरळ अंतर 300 किलोमीटरच्या थोडे वर. पंख्यांचे एटीआर 72 ताशी 500च्या आसपास उडते, जेट 800ने. नुसता भागाकार केला तरी फरक 15 मिनिटांच्या आतच राहतो, आणि एटीआरला इंधन कमी लागते. कोल्हापूर-नागपूरवर मात्र तोच फरक अर्ध्या तासावर जातो. तिथे जेट हवेच, असे माझे मत.

प्रादेशिक विमानसेवेसाठी 2016 साली जाहीर झालेल्या उडान योजनेत सुमारे 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला काही आसनांपुरती 2,500 रुपयांची भाडेमर्यादा ठरली. भाड्यासाठी तो हिशेब ठीक. पण एटीआरने 500 किलोमीटर घड्याळी तासात होत नाहीत, सव्वा तास तरी धराच.

तेव्हा पुढचे विमान किंवा गाडी गाठायची असेल, तर नकाशावरच्या किलोमीटरना वेगाने भागत बसू नका. तिकिटावर छापलेली पोहोचण्याची वेळ धरा आणि सामान मिळेपर्यंतची मिनिटे वरून मोजा.