सगळंच वयाच्या खात्यावर नको

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. सोमवारपर्यंत सगळं व्यवस्थित चाललेलं. स्वतःची पूजा, स्वतःचा चहा, संध्याकाळी मालिका. मंगळवारी रात्री त्या उठून बसतात आणि कधीच वारलेल्या भावाला जेवायला हाका मारू लागतात. मुलाला ओळखत नाहीत, चादर ओढत राहतात, कडी काढून बाहेर निघतात. सकाळी पुन्हा बऱ्यापैकी भानावर. घरातलं कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, ‘वय झालं आता, हे असं व्हायचंच.’ हे वाक्य मायेनंच म्हटलं जातं. पण उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात ते बहुतेक वेळा याच वाक्यामुळे.

वय कुणाचंही डोकं एका रात्रीत बिघडवत नाही. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस असा गोंधळला तर त्यामागे शरीरात काहीतरी घडलेलं असतं. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची. कारणं अगदी साधी निघतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम घसरणं, चार दिवस पोट साफ न होणं, तुंबलेली लघवी, नव्यानं सुरू झालेली झोपेची गोळी, नाहीतर सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी. उतारवयात संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. छातीत कफ भरला तरी खोकला जेमतेम असतो. आजार आल्याची पहिली खूण म्हणजे बोलण्यातली विसंगती, किंवा कालपर्यंत चालणारा माणूस आज उठेनासा होणं.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात आरडाओरडा नसतो. माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली तर डोळे उघडतो, दोन घास खाऊन पुन्हा मिटतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झोप लागली. प्रत्यक्षात या गप्प प्रकाराचं निदान उशिरा होतं आणि त्याचे परिणामही अनेकदा जास्त वाईट होतात. अशा वेळी रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगावेत. नेहमी सहज म्हणणारा माणूस मध्येच हरवला, तर लक्ष टिकत नाहीये हे कळतं. आणि दवाखान्यात गेल्यावर ‘परवापर्यंत ह्या अगदी नीट होत्या’ हे ठणकावून सांगावं. समोरच्या डॉक्टरनं त्यांना आजच पहिल्यांदा पाहिलेलं असतं. त्या नेहमीच अशा असतात की नाही, हे त्याला घरच्यांशिवाय कोण सांगणार?

मग वयामुळे खरोखर काय बदलतं? थोडक्यात सांगायचं तर शरीराची शिल्लक कमी होते. तरुणपणी हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करू शकतात. वयाबरोबर ही जास्तीची ताकद ओसरते. रोजचं आयुष्य चालू राहतं, पण आजार, शस्त्रक्रिया किंवा कडक उन्हाळा आला की सावरायला हाताशी फारसं काही नसतं. बहुतेकांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता चाळिशीनंतर हळूहळू घटते, म्हणून पन्नाशीत झेपलेला डोस ऐंशीत जड होतो. तहान कमी लागते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तहान लागायची वाट पाहत बसणं धोक्याचं आहे. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि मीठ जवळजवळ बंद केलेलं असेल तर सोडियम घसरायला वेळ लागत नाही. अंथरुणातून उठताना पायांकडे उतरलेलं रक्त वर पोचवणारी यंत्रणाही मंदावते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी उतरला तर ती वैद्यकीय बाब आहे. पहाटे लघवीला उठताना जी माणसं पडतात, त्यांतल्या अनेकांचं मूळ इथे असतं. आधी काठावर बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं. ही सवय फुकट आहे आणि मांडीचं हाड वाचवते.

कानांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण घराघरांतले अनेक रुसवे इथूनच सुरू होतात. म्हातारपणी सगळे आवाज सारखे मंद होत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे. ‘साखर संपली’ मधले ‘आ’, ‘अ’, ‘ई’ हे स्वर कानापर्यंत पोचतात. ‘स’ आणि ‘ख’ मात्र निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, पण काय बोलतोस ते कळत नाही.’ ते अगदी खरं बोलत असतात. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडतात, ओरडल्यानं आवाजाची पट्टी आणखी चढते आणि शब्द आणखीच अस्पष्ट होतात. टीव्ही बंद करून, समोर बसून, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असं बघून, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश बोललं तर तेच आजोबा चटकन उत्तर देतात. ऐकू न येणारा माणूस गप्पांमधून हळूहळू बाहेर पडतो, आणि गप्पांबाहेर पडलेल्या मेंदूला काम उरत नाही. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे १४ टाळता येण्याजोगे घटक सांगितले, त्यांत श्रवणदोष आहे. चष्म्याला आपण नाकं मुरडत नाही. श्रवणयंत्राला मात्र घरातली माणसंच ‘आता या वयात कशाला’ म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मनाचं म्हणाल तर वेग कमी होतो. नवं नाव पटकन ओठांवर येत नाही, दोन कामं एकदम जमत नाहीत. शब्दसंपदा, अनुभवातून आलेली समज, माणसं ओळखण्याची नजर मात्र साठी-सत्तरीतही टिकून असते. आमटीत मीठ घातलं की नाही हे विसरणं वेगळं, आणि जन्मभर केलेल्या आमटीत आधी काय आणि मग काय हेच न सुचणं वेगळं. दुसरी गोष्ट दिसली तर तपासणी हवी. भारतात साठीपुढच्या लोकांच्या मोठ्या पाहणीवरून केलेला अंदाज असा, की त्यांच्यापैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. आकडा मोठा आहे. पण याच आकड्याचा अर्थ असाही होतो की साठीपुढच्या शंभरांतल्या नव्वदांहून जास्त जणांना तो नाही. भूक गेली, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखतं, कशात मन लागत नाही, अशी तक्रार असेल तर नैराश्याचा विचार व्हायला हवा. आपल्याकडे ते रडण्यातून कमी आणि दुखण्यांतून जास्त बाहेर येतं. त्यावर या वयातही उपचार होतात.

आता खाटेकडे वळू. म्हाताऱ्या माणसाला बरं नसलं की आपला पहिला सल्ला असतो, ‘पडून राहा, आराम करा.’ २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठी ओलांडलेल्या बारा निरोगी माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांमधली चरबीविरहित ऊती, म्हणजे मुख्यतः स्नायू, सरासरी जवळजवळ एक किलोनं घटली. ही झाली निरोगी माणसांची गोष्ट. न्यूमोनियानं खंगलेल्या, धड जेवण न जाणाऱ्या आणि सलाईन लावलेल्या आजोबांचं काय होत असेल ते यावरून ओळखावं. आजार बरा होतो, रिपोर्ट चांगले येतात आणि चालत दवाखान्यात गेलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी येतो. आणि घरी आल्यावर हेही वयाच्याच खात्यावर जमा होतं.

ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांनी ओळखली, त्यांच्यात लंडनच्या डॉ. मार्जरी वॉरन होत्या. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाला शेजारची अनाथ-गरिबांसाठीची जुनी इन्फर्मरी जोडली गेली आणि तिथले ७१४ रुग्ण त्यांच्याकडे आले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, ‘असाध्य’ म्हणून सोडून दिलेले. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं, निदान केलं, भिंती उजळ करून घेतल्या, उजेड वाढवला, धरायला कठडे बसवले आणि माणसांना उठवून चालवायला सुरुवात केली. त्यांतले कितीतरी जण हिंडू-फिरू लागले, काही घरी गेले. आज वृद्धवैद्यक म्हणून जी शाखा आहे, तिची पायाभरणी अशी झाली.

त्यानंतरचं मोठं काम एका नर्सचं आहे, आणि नर्सिंगला नुसतं मदतनिसाचं काम समजणाऱ्यांनी ते मुद्दाम वाचावं. डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांबरोबर म्हाताऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला. तो १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कातडीवर तऱ्हेतऱ्हेची द्रावणं आणि मलमं चोळायची पद्धत होती. नॉर्टन यांना दिसलं, की महत्त्वाचा आहे तो दाब. ठरावीक वेळानं कूस बदलली तर जखमा कमी होतात. कुणाला धोका जास्त हे ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत बसवली: शरीराची स्थिती, मनाची स्थिती, वावर, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. त्यांच्या नावाची ही मोजणी आजही शिकवली जाते.

आपल्याकडे अजूनही स्पिरिट आणि पावडर चोळणं चालू असतं, आणि लाल झालेल्या जागेला जोरात मालिश होतं. ते करू नये. आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना त्यानं इजा होते. कूस बदलताना माकडहाड, कमरेची दोन्ही हाडं, टाचा आणि घोटे नीट बघावेत. लाल दिसलेल्या जागेवर बोट दाबून सोडावं. रंग फिका होऊन परत आला तर दाब हलका करण्यानं भागू शकतं. लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली असं समजावं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तळहाताच्या मागच्या बाजूनं ती जागा आसपासपेक्षा गरम लागते का, टणक किंवा पिचपिचीत लागते का, हे पाहावं. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायचं काम संपलं, असं नाही. सरकवताना माणसाला ओढू नये. खाली दुहेरी चादर ठेवून दोघांनी उचलून सरकवावं. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली द्यावी.

नर्सिंगचा परिणाम मोजता येतो. डॉ. शॅरन इनोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत येल इथे सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये आला. एका गटात नेहमीचे उपचार झाले. दुसऱ्या गटात त्यांच्याबरोबर आणखी काही गोष्टी केल्या: आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी देणं, पाणी पाजणं, दिवसातून चालवणं, रात्री गोळीऐवजी गरम पेय आणि शांतता. पहिल्या गटात डिलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं, दुसऱ्यात ९.९. यातलं एकही काम औषधाच्या दुकानात मिळत नाही. आपल्या वॉर्डात रुग्ण दाखल करताना नातेवाईक चष्मा, कवळी आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून पिशवीत घालून घरी नेतात. ती तिन्ही रुग्णापाशी ठेवावीत. लघवीची नळी अडचण म्हणून लावली असेल तर ती कधी काढणार हे रोज विचारावं, कारण नळी माणसाला खाटेला बांधते आणि संसर्गालाही वाट देते.

उशीर झाला, आता काय चालणार, असं वाटणाऱ्यांसाठी बॉस्टनमधला १९९० सालचा एक छोटा प्रयोग आहे. वृद्धसंस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. हे देखरेखीखाली झालं होतं, म्हणून कुणी उद्या घरी डंबेल आणू नये. पण हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, जेवणात डाळ, दही, अंडं पुरेसं असणं, एवढ्यापासून सुरुवात डॉक्टरांना विचारून करता येते.

हे सगळं करायचं कुणी? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्येतला साठीपुढचा वाटा सुमारे १० टक्के होता. घरी हे काम बहुधा सुनेवर, मुलीवर किंवा स्वतः सत्तरीत असलेल्या बायकोवर येतं, आणि त्यानंतर ब्युरोतून आलेल्या बाईवर. बारा-बारा तास राबणाऱ्या या बायकांपैकी अनेकींना कूस कशी बदलायची हे कुणी दाखवलेलं नसतं. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ते चांगलंच झालं. पण ते मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. घरी महिनोन्महिने चालणाऱ्या शुश्रूषेला त्यात जागा नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ब्युरोच्या बायकांसाठी आणि घरच्यांसाठी महिन्यातून एकदा तरी प्रात्यक्षिक ठेवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शिकवायला वॉर्डातल्या सिस्टर आहेतच.

तोवर घरच्यांनी एक करावं. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी मागून लिहून घ्याव्यात: दाखल होण्यापूर्वी हा माणूस किती चालत होता, आणि आज किती चालतो. दोन्हींत फरक असेल तर फिजिओथेरपिस्टची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी, आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवून विचारावं, यातली कुठली आता बंद करता येईल.