कॅमेऱ्याआधीची धारावी

धारावीत 2024 मध्ये पुनर्विकासाचं सर्वेक्षण सुरू झालं आणि दारादारांवर आकडे आले. त्याच सुमारास एक तरुण अंमलदार मला म्हणाला, "काका, आता बीटवर फिरायचं कशाला? कॅमेरे आहेत ना!" डोकं तापलं ते अजून उतरलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाचं मला कौतुक नाही. डॉन वरदराजन, त्याची हातभट्टीची दारू, त्याचं मद्रासला जाणं, 1988 मधला मृत्यू, हे सिनेमावाल्यांनी पुरेसं दळलंय. मी तेव्हा बहुतेक बंदोबस्तातच उभा असे.

माझं दशक डिसेंबर 1992 च्या दंगलींपासूनचं. नव्वद फुटी रस्त्यावर रोज चहा पाजणारी माणसं वर्दी दिसली की फळी ओढून घ्यायची. 1998 मध्ये त्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल आला, त्यात 31 पोलिसांवर ठपका होता. बराकीत शिव्या सगळ्यांनी घातल्या, वाचला कुणीच नाही.

त्या फळ्या पुन्हा उघडल्या त्या रहिवासी आणि पोलिसांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्यांमुळे. भाऊ कोरडे आणि वकार खान गल्लोगल्ली बैठका घ्यायचे. चार धर्मांच्या वेशातल्या चार पोरांचं वकारभाईंचं पोस्टर चौकीतही लागलं. आम्ही कोपऱ्यात बसून नळावरची भांडणं ऐकायचो. हसू नका, अर्ध्या मारामाऱ्यांचं मूळ पाण्याच्या वेळेत असायचं. एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली तरी भांडण दोन्ही बायकांना समोर बसवल्याशिवाय मिटत नसे. तडीपार पोरगा रात्री आईला भेटायला आला, की शेजारीणच हळूच कळवायची. हे खबऱ्याचं काम नव्हतं, तिला गल्लीत शांतता हवी होती.

पण नाव झालं चकमकवाल्यांचं! भांडण चाकूपर्यंत जाऊ न देणाऱ्या हवालदाराचा फोटो कोण छापणार? जे घडलंच नाही, त्याची स्टेशन डायरीत नोंद होत नाही.

2016 मध्ये शहरभर कॅमेरे लागले. त्याच वर्षी देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, ती मात्र झकास. आम्ही बारा तास घासून पाय सुजवले. पण कॅमेऱ्याला चाकू दिसतो, तो कुणाच्या नळावरून निघाला ते दिसत नाही.

आता देवनारच्या कचराभूमीची जमीन धारावीतल्या लोकांच्या पुनर्वसनाला द्यायचं ठरलंय. गल्ल्या मोडून माणसं नव्या इमारतींत विखुरणार. कोण कुणाशी का बोलत नाही, हे तिथल्या पोलिसाला पहिल्यापासून शिकावं लागेल. त्याला बीटवर सोडणार आहात की स्क्रीनसमोर बसवणार, एवढं तरी आधी ठरवा.